खंडेनवमीला पुजलेली चाकं

मुलीने चार चाकं आणून अंगणातल्या पेरूखाली ठेवली आणि घरात दोन तट पडले. एका तटात ती, दुसऱ्यात मी. बायकोने दोन्ही तटांना चहा दिला आणि भाजी निवडायला बसली.

ह्याला पाच वर्षं झाली. मुलगी आता जर्मनीत नोकरी करते. आम्ही दोघं मलकपेठच्या त्याच घरात आहोत, रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर. पेरूला अजून फळं धरतात, पण खाली बसायला कुणी नसल्यामुळे पोपटांचं फावतं. त्या झाडाखाली आम्ही बापलेक तीन आठवडे घासत, खरवडत आणि भांडत बसलो होतो. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस मोजायला घेतले तर ते तीन आठवडे मी आधी मोजीन.

चाकं तिच्या जुन्या, छोट्या गाडीसाठी होती. शहराबाहेर एक ट्रॅक आहे. काही रविवारी तिथे साधी माणसं आपापल्या गाड्या घेऊन जातात, हेल्मेट घालतात आणि रस्त्यावर पोलीस पकडतील इतक्या वेगाने पळवतात. "शर्यत नाही बाबा, फेरीला किती वेळ लागला तेवढं फक्त मोजतात," असं ती मला समजवायची. माझा जन्म रेसकोर्सच्या भिंतीला लागून गेला आहे. 'मी लावत नाही हो, नुसता घोडे बघायला जातो' असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

गाडीची मूळची चाकं लोखंडी होती आणि जड. ही अलॉयची, वजनाला हलकी, म्हणून गाडी वळणावर चपळ होते असं तिचं म्हणणं. जुनी चाकं टायर उतरवून माळ्यावर गेली आणि गाडी विटांवर उभी राहिली. तिच्या गाडीला बसणारं हे माप आता निघत नाही. वर्षभर शोधून तिने सिकंदराबादच्या एका फौजी माणसाकडून ती मिळवली होती. त्याची बदली झाली आणि त्याने सामान विकायला काढलं. मिळाली तीही अवकळा आलेली. कडा फूटपाथला घासून दातेरी झालेल्या, आणि वर कुणीतरी हौसेने काळा रंग जाडजूड फासलेला.

मला आवडला नाही तो काळा रंग. मी रेल्वेत चौतीस वर्षं काढली, सिकंदराबादच्या कारखान्यात, डब्यांची चाकं तपासण्यात. चाकाला जाड रंग दिसला की आमचा पहिला प्रश्न असायचा, खाली काय लपवलंय? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, कायकू टेन्शन घेता? म्हणून तर सगळा उतरवणार आहे." स्वयंपाकघरातून बायकोने "का-य-कू" असं तीन तुकडे करून ऐकवलं. ती पुण्याची. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी आमच्या घरातलं मराठी तिला अजून नीट वळण लागायचं राहिलेलं मूल वाटतं.

आता माझा तट कोणता होता ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला लाज वाटते. तिने ट्रॅकवर जाऊ नये, एवढाच माझा तट होता. आदल्या वर्षी तिने पहिल्यांदा नाव नोंदवलं, तेव्हा मी तोंडाने काही बोललो नाही. जायच्या दिवशी पहाटे उठून गाडीचं बॉनेट उघडलं आणि बॅटरीची एक वायर ढिली करून बाजूला सारली. ती किल्ली फिरवत बसली आणि मी व्हरांड्यात दात घासत उभा राहिलो. "बॅटरी बसली असेल, जाऊ दे आता," असंही वर म्हणालो. दुपारी मेकॅनिक आला. त्याने दोन मिनिटांत वायर दाखवली आणि म्हणाला, "ये अपने आप नै निकलता मॅडम, किने तो बी निकाला." तिने माझ्याकडे पाहिलं. घरात दहा नंबरचा पाना कुणाकडे असतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आठ दिवस ती माझ्याशी तिच्या आईमार्फत बोलली. मी कबूल केलं नाही. नंतर सगळं पूर्ववत झालं असं आम्ही दोघांनीही दाखवलं, पण मी गाडीजवळ गेलो की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची.

म्हणून चाकं आली तेव्हा तिने मला मदत मागितली याचंच मला नवल वाटलं. मदत म्हणजे काय, मी आपणहून पाट टाकून शेजारी बसलो आणि तिने ऊठ म्हटलं नाही.

रंग उतरवायचं औषध लावलं की काळा थर पापडासारखा फुगून वर यायचा. तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा. काळ्याखाली चंदेरी निघाला, चंदेरीखाली एका चाकावर चक्क पिवळा. मग पाण्यातला सँडपेपर, आधी खरबरीत, मग बारीक. मी सपाट भाग घ्यायचो. चाकाचे आरे जिथे कडेला मिळतात त्या बेचक्यांत माझी बोटं जात नसत, तिथे ती जुना टूथब्रश घेऊन लागायची. तिच्या नखांत काळं बसलं ते दसऱ्यापर्यंत निघालं नाही. बायकोने दोनदा हातांवरून बोलून पाहिलं आणि सोडून दिलं.

कडांचे दात भरायला लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, लावायची की घासूनच कड सारखी करायची, यावर आम्ही एक अख्खा शनिवार भांडलो. मी म्हटलं, घास. लांबी म्हणजे पुन्हा झाकाझाक. तिने ऐकलं. रंगाचंही ऐकलं. तिला गडद राखी हवा होता, मी फिक्यावर अडून बसलो, कारण फिक्या रंगावर तडा लवकर दिसतो. "तुम्हाला सगळीकडे तडेच दिसतात," ती म्हणाली. पण फिकट राखीचा डबा आणला.

हात कामात आणि मान खाली असली की माणसं बोलतात. कारखान्यात मी हे पाहिलं होतं, घरात पहिल्यांदा पाहिलं. जर्मनीची नोकरी पक्की झाल्याचं तिने मला तिथेच सांगितलं, तिसरं चाक घासताना. दिवाळीच्या आधी निघायचं होतं. "आईला अजून सांगितलं नाही," ती म्हणाली. मी विचारलं, "आणि हे ट्रॅकचं?" ती म्हणाली, "दसऱ्यानंतरचा रविवार मिळालाय. त्यानंतर गाडी विकायची. एकदा नीट पळवायची आहे मला बाबा, एकदाच." मी सँडपेपर पाण्यात बुडवला आणि घासत राहिलो. मला आनंद झाला नाही. ती पुढे जातेय याचा आनंद बापाला व्हायला हवा, सगळे असं म्हणतात. मला फक्त ती जातेय एवढंच ऐकू आलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत चारही चाकं उघड्या धातूची झाली होती, दुधी, मऊ चमकेची. आणि तो दिवस होता खंडेनवमीचा.

आमच्या घरात खंडेनवमी मोठी. आजोबांकडे शेतीची अवजारं पुजायचे, माझ्याकडे हातोडी, पाने, गेज. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून त्यांना झेंडूच्या माळा घालत असत. निवृत्त झालो तरी मी माझी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडतो. त्या वर्षी बायकोने माझ्या पाटाशेजारी चारही चाकं ओळीने मांडली. "ही पण हत्यारंच की," म्हणाली. तिने स्वस्तिक काढायला घेतलं, पण कोरडं कुंकू त्या गुळगुळीत धातूवर टिकेना. मग तिने वाटीत तिळाचं तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि एकेका चाकाच्या आऱ्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. तिचा हात सढळ. तेल ओघळून कडेपर्यंत गेलं.

मुलगी आत मीटिंगमध्ये होती. मी समोर उभा होतो. उघड्या धातूला तेल लागलं की रंग बसत नाही, हे चौतीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण 'थांब' म्हणायला तोंड उघडेना. पोरीच्या जिवाचं काहीतरी त्या चाकांवर चालणार होतं. त्यावर कुंकू लागलेलं मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. मी हात जोडले. दसरा होईपर्यंत पूजा हलवायची नाही, म्हणून चाकं दोन दिवस तशीच उन्हात राहिली.

मुलीने पाहिलं तेव्हा ती आईला काही बोलली नाही. मला म्हणाली, "तुम्ही तर होतात ना इथे?" मी पेरूकडे पाहिलं. तिने थिनरने चारही चाकं पुसली आणि आम्ही ती रंगाच्या उस्तादकडे नेली.

उस्तादचं शेड बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. त्याने आयुष्यात फ्रिज रंगवले, गोदरेजसारखी कपाटं रंगवली, लग्नाच्या घोडागाड्या रंगवल्या, आणि आता गाड्या रंगवतो. धूळ बसावी म्हणून त्याने जमिनीवर पाणी शिंपडलं, रंगाची गन हातात घेतली आणि पहिल्या चाकावर प्रायमरचा पहिला हात मारला. रंग बसला, आणि बघता बघता जागोजागी मागे सरकला. वाटाण्याएवढे गोल गोल खड्डे, आणि प्रत्येकाच्या तळाशी उघडा धातू.

उस्तादने गन खाली ठेवली. "साब, इसकू तेल लगा है. किने लगाया?"

"पूजा थी," मी म्हणालो.

"पूजा रंग के बाद करते ना साब! पैले कायकू?"

मुलगी हसली, आणि त्या हसण्याने मला जरा सुटल्यासारखं वाटलं. उस्तादने प्रायमर पुसून काढला आणि सांगितलं, गरम पाणी, सोडा, चांगलं उकळतं घ्या, दोनदा धुवा, उन्हात वाळवा आणि मग आणा. रविवारला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच धुवायला बसलो. सोड्याच्या उकळत्या पाण्याने चाकं धुतली, फडक्याने कोरडी केली आणि उन्हात टेकवून ठेवली. तासाभराने उलटी करायला गेलो, तर एका चाकावर, आरा जिथे कडेला मिळतो तिथे, मला एक तांबडी रेघ दिसली. केसाएवढी बारीक, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. मी थिनरने पुसली. गेली. चाक पुन्हा उन्हात ठेवलं आणि समोर बसून राहिलो. थोड्या वेळाने रेघ परत वर आली.

मी नोकरीला लागलो तेव्हा तडे शोधायची यंत्रं आमच्याकडे सगळीकडे पोचली नव्हती. आम्ही चाकाला पातळ तेल लावून ठेवायचो, मग ते पुसून टाकायचो आणि वर खडूची पूड फासायचो. तडा असला तर आत शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि खडूवर डाग उमटतो. बायकोने नकळत तेच केलं होतं. तेल तिळाचं आणि डाग कुंकवाचा, एवढाच काय तो फरक.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. पोरीच्या चाकाला तडा सापडला आणि मला आनंद झाला. आता ती जाऊ शकत नव्हती, आणि ह्या वेळी मला काही करावं लागलं नव्हतं. हे चाक रंगवून गाडीला लागलं असतं तर, हा विचार मागून आला. आधी आनंद आला होता, हे मी विसरू शकत नाही.

मी तिला हाक मारली, रेघ दाखवली. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आईने कुंकू सगळीकडेच लावलं होतं."

"पुसून परत येतंय."

"ओरखडा असेल. आपणच घासलंय ना तीन आठवडे? ओरखड्यातही तेल राहतं."

म्हणणं खोटं नव्हतं. मी खडू आणला, पूड करून फासली, डाग उमटवून दाखवला. तिने डागाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मागच्या वेळी बॅटरी होती. आता चाक?"

मला राग आला. स्वतःवर यायला हवा होता, तो तिच्यावर काढला. चौतीस वर्षं म्हणालो, हजारो माणसं माझ्या शब्दावर गाडीत बसली म्हणालो, आवाज चढवून बरंच काही म्हणालो. ती ऐकून घेत होती. पण लांडगा आला रे आला म्हणून मीच आधी ओरडून बसलो होतो, आता खरा लांडगा दाखवून काय उपयोग? माझ्या शब्दावर हजारो बसले असतील, माझी पोर बसत नव्हती. आणि माझ्या शब्दावर बसली नाही तर ती त्या तडा गेलेल्या चाकावर बसणार होती.

आम्ही चाक उस्तादकडे नेलं. त्याने रेघेवरून नख फिरवलं आणि हात वर केले. "रोड पे चल जाता साब, लांबी मार के रंग दिया तो दिखता बी नै. रेस का मेरेकू नै मालूम. मेरेकू नक्को पूछो."

आता एकच गोष्ट उरली होती. पूर्वी गाडी स्टेशनात उभी राहिली की एक माणूस हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जायचा. धड चाक खणखणीत वाजतं, फुटकं बद्द वाजतं. मी तो आवाज लोखंडावर आयुष्यभर ऐकला होता. अलॉयचं काय होतं मला माहीत नव्हतं, आणि एवढ्याशा तड्याने आवाज बदलेलच अशी खात्रीही नव्हती. तरी मी तिला म्हणालो, "माझं ऐकू नकोस. चाकाचं ऐक. टांगून ठोकून बघ."

तिने विचार केला. "ठीक आहे. पण तुम्ही टांगायची नाहीत. तुम्ही आत जाऊन बसा. आई टांगेल."

हे मला लागलं. पण मी आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभा राहिलो. बाहेर बायकोचा आवाज येत होता, हे काय खूळ, माझी कंबर, हा दोर कपडे वाळवायचा आहे, वगैरे. मुलीने ओढणीने स्वतःचे डोळे बांधले होते. बायकोने तिच्या मनाला येईल ते चाक उचलायचं, दोराला अडकवायचं, मग दोघींनी मिळून ते पेरूच्या फांदीवरून वर ओढायचं. मुलीने चाचपडत माझी छोटी हातोडी हलकेच मारायची.

पहिलं वाजलं. स्वच्छ, लांब, देवळातल्या घंटेसारखं. दुसरं तसंच. मी ओट्याची कड धरून ठेवली होती. तिसरंही तसंच वाजलं आणि माझा धीर सुटला. वाटलं, नाही कळणार, अलॉयला नाही कळत. मग चौथं. टण् असं सुरू झालं आणि तिथेच मेलं.

मग मुलगी म्हणाली, "परत पहिलं लाव." बायकोने कुरकुरत लावलं. "आता परत हे." पुन्हा मेलं. तिने तीनदा बदलून ऐकलं, बायकोला क्रम उलटासुलटा करायला लावलं आणि तिन्ही वेळा त्याच चाकावर हात ठेवला. मग ओढणी काढली आणि वाकून पाहिलं. रेघ तिथेच होती.

ती आत आली. माझ्याकडे न बघता पाणी प्यायली आणि म्हणाली, "सरे. नाही जात." तेलुगूतलं हे 'सरे' आमच्या घरात विषय संपला की येतं. ती लहान असताना खेळणं विकत मिळणार नाही असं कळलं, की हेच म्हणून चालू लागायची, मागे न बघता.

मी जिंकलो होतो. दुपारी जेवताना ती माझ्याशी चांगलं बोलली. "बरं झालं तुम्ही बघितलंत बाबा," असंही म्हणाली, अगदी मनापासून. मग तिने हेल्मेट कपाटावर टाकलं, टूथब्रश, सँडपेपर, रंगाचा डबा खोक्यात भरला आणि बॅग आवरायला बसली. वर्षभर मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते समोर बसून शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होतं. तिने भांडावं, पाय आपटावेत, मला दोष द्यावा, असं मला वाटत होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासापोटी स्वतःची एकुलती एक हौस सोडून दिली. ढिली केलेली वायर मला इतकी कधीच बोचली नव्हती.

चारच्या सुमारास मी माळ्यावर चढलो आणि गाडीची मूळची लोखंडी चाकं खाली काढली. जड, गंजाचे ठिपके पडलेली, कुरूप. अंगणात बसून मी ती घासली, तेल लावलं, पुसलं, खडू फासला आणि चारही चाकांसमोर एकेक तास बसलो. एकावरही डाग आला नाही. दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे नेऊन टायर चढवून आणले. रंगबिंग काही दिला नाही.

मी पुढचं डावं चाक बसवत होतो तेव्हा ती बाहेर आली. तिने एक चाक उचलून पाहिलं.

"ही जड आहेत. वेळ खराब येईल," ती म्हणाली.

"येऊ दे."

ती शेजारी उकिडवी बसली आणि एकेक नट माझ्या हातात देऊ लागली. मी नट फिरवत म्हणालो, "बॅटरीची वायर मीच काढली होती."

"हो."

"मला भीती वाटते. अजून वाटते."

तिने पुढचा नट दिला. "मलाही वाटते बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर चाकं तुमच्याकडे आणली. नाहीतर काय, उस्तादने दोन दिवसांत सगळं करून दिलं असतं."

मी मान वर केली नाही. नट जरा जास्तच आवळला गेला, तो ढिला करून परत आवळावा लागला.

रविवारी मी तिच्याबरोबर ट्रॅकवर गेलो. बायको आली नाही, घरी देवाजवळ दिवा लावून बसते म्हणाली. मी तारेच्या कुंपणापाशी जागा धरली. जवळच एक ॲम्ब्युलन्स उभी होती, तिच्याकडे पाठ केली. तिची गाडी सुटली, सरळ गेली, पहिल्या वळणाला कलली आणि मातीच्या उंचवट्याआड दिसेनाशी झाली. नुसता आवाज उरला, तोही मग वाऱ्याने इकडचा तिकडे केला. मी कुंपणाची तार धरून त्या उंचवट्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिलो. आणि गाडी आली. समोरून सूं करत गेली आणि परत आड झाली. तिची वेळ तिथल्या सगळ्यांत वाईट होती. उतरली तेव्हा घामाने निथळत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. त्या दिवशी तिने अकरा फेऱ्या मारल्या. अकरा वेळा ती गेली आणि अकरा वेळा परत आली, मी एकही चुकवली नाही.

दहा दिवसांनी आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. ती काचेच्या दारातून आत गेली, एकदा हात हलवला आणि गर्दीच्या मागे दिसेनाशी झाली. मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो, पलीकडच्या टोकाकडे बघत. लोक येत होते, ढकलागाड्या येत होत्या, कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगितलं. शेवटी बायकोने माझी बाही ओढली. तिचेही डोळे भरले होते.

"अहो, चला आता," ती म्हणाली. "ती काय फेरी मारून येणार आहे का?"